मिरांडा निकालानंतरही सुटला नाही

हॉलिवूडच्या पोलीसपटात बेड्या पडल्या की अधिकारी घडाघडा बोलू लागतो: तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे, तुम्ही बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं, वकील परवडत नसेल तर सरकार देईल. ते पाहून अनेकांना वाटतं, अटक करताना हे सांगायचं राहिलं तर खटलाच निकालात निघतो.

तसं होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून १९६६ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी घातलेली हक्क सांगण्याची ही अट अटकेची नाही, ताब्यात घेतलेल्या माणसाच्या चौकशीची आहे. पोलिसांनी पकडलं पण काही विचारलंच नाही, तर हक्क सांगायची सक्ती नाही. न सांगता चौकशी केली, तर तो जबाब सरकारी पक्षाला गुन्हा शाबीत करायला वापरता येत नाही. बाकीचा पुरावा असेल तर खटला चालतोच.

ज्याच्या खटल्यात हा निकाल लागला, त्या खुद्द अर्नेस्टो मिरांडाचंच पाहा. मार्च १९६३ मध्ये फीनिक्सच्या पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि सुमारे दोन तासांत त्याने अपहरण व बलात्काराची कबुली लिहून दिली. त्या कागदावर, आपले कायदेशीर हक्क पूर्ण जाणून हे लिहीत आहे, असा मजकूर आधीच छापलेला होता. चौकशीच्या वेळी वकील जवळ ठेवता येतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती यासाठी. पण १९६७ मध्ये फेरखटला झाला. त्याच्यासोबत राहिलेल्या बाईने साक्ष दिली, त्याने आपल्यापाशी गुन्हा कबूल केला होता. कबुलीचा कागद बाजूला ठेवूनही तो दोषी ठरला, आणि १९७२ मध्ये पॅरोलवर बाहेर आला.

नुसतं तोंड मिटून बसलं की गप्प राहण्याचा हक्क बजावला, हीसुद्धा चुकीची समजूत. मिशिगनमधला एक आरोपी जवळजवळ तीन तास बहुतेक गप्पच होता. गोळी झाडल्याबद्दल देवाकडे क्षमा मागतोस का, या प्रश्नाला तो शेवटी ‘हो’ म्हणाला, आणि तो ‘हो’ पुरावा ठरला. हक्क हवा असेल तर तसं स्पष्ट बोलून सांगा, असं न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. गप्प राहायला आधी बोलावं लागतं, या विसंगतीवर न्या. सोनिया सोतोमायोर यांनी विरोधी मतात बोट ठेवलं. मला त्यांचंच म्हणणं पटतं. घाबरलेल्या माणसाला असे नेमके शब्द ऐन वेळी कुठून सुचणार?

निकाल लागला की सगळं लगेच बदलतं, असा गैरसमज सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ब्राउन’ निकालाबद्दलही आहे. १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमताने सरकारी शाळांतलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं, म्हणून दुसऱ्या दिवशी वर्ग एक झाले नाहीत. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना पोहोचवायला अध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावं लागलं. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर कमाल केली. ब्राउन निकालात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी एक तिथलाच. मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा काउंटीने १९५९ मध्ये आपल्या सगळ्या सरकारी शाळांना टाळं ठोकलं आणि १९६४ पर्यंत ते काढलं नाही. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. निकाल जिंकलेल्या समाजाच्या मुलांची ऐन शिकण्याची वर्षं गेली, ती कुठल्या न्यायालयाने परत द्यायची?

राहिला फुकट वकिलाचा हक्क. फ्लोरिडातल्या क्लॅरेन्स गिडियनने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. तोही त्या निकालाने सुटला नाही. पुन्हा खटला उभा राहिला, या वेळी वकील सोबत होता, आणि ज्युरीने त्याला तासाभरात निर्दोष ठरवलं. पण हा हक्क गंभीर फौजदारी खटल्यांपुरता, आणि किरकोळ गुन्ह्यात कैद होणार असेल तर तिथे. भाडेकरूला घराबाहेर काढण्याच्या दाव्यात तो लागू नाही. देशाबाहेर पाठवण्याच्या कारवाईतही नाही. इमिग्रेशन कोर्टात वकील देता येतो, मात्र सहसा स्वतःच्या खर्चाने. व्हिसावर तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांनी सिनेमातल्या त्या वाक्यावर विसंबू नये.