मुलींची हॉकी : पाया शाळेच्या मैदानावर

आंदर मावळातील टाकवे बुद्रुक हे भातशेतीचे गाव. अशा गावांतील मुलींनाही हॉकीची वाट मोकळी आहे, हे शेजारच्या सातारा जिल्ह्याने दाखवून दिले आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातील वैष्णवी फाळके ही फलटण तालुक्यातील आसू गावची. त्यापूर्वी १९८२ मध्ये पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी दिल्लीत सुवर्णपदक पटकावले होते.

या यशाचा पाया शालेय वयातच घातला जातो. स्टिकच्या गोल बाजूने चेंडू खेळण्यास मनाई असल्याने वरच्या, डाव्या हाताने स्टिक फिरविण्याची सवय प्रथम लावावी लागते. गुडघे वाकवून चेंडू अडविणे, ढकलणे आणि पास देणे हे अंगवळणी पडल्यावरच जोरदार फटका शिकवावा. अकरा जणींच्या सामन्याऐवजी पाच-पाच जणींचे सामने खेळविल्यास प्रत्येकीच्या वाट्याला चेंडू अधिक वेळा येतो.

केवळ विजयासाठी अंगाने थोराड मुलींनाच सतत संधी दिली, तर उरलेल्या मुली मैदान सोडतात. सराव शाळा सुटताच घेऊन दिवेलागणीपूर्वी संपविल्यास पालकही निर्धास्त राहतात.

सतरा वर्षांखालील मुलींसाठी नेहरू चषक स्पर्धा असते. निवडक खेळाडूंना शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवास, शिक्षण व प्रशिक्षण मिळते. मात्र तेथपर्यंत मुलीला मैदानावर टिकवून धरणे, हे गावातील शिक्षकाचे आणि पालकांचेच काम आहे.