फौतीचा फेरा

वडील गेले, तेरावं झालं, की रायपूरच्या मराठी घरात एक प्रश्न हमखास निघतो: फौतीचं कोण बघणार? शब्द आपल्याला परका नाही. पेशवाईच्या कागदांत माणसं ‘फौत’ होतच असतात. महाराष्ट्रात तो मागे पडला आणि ‘वारस नोंद’ आली. छत्तीसगडच्या तहसिलीत मात्र तो रोज बोलला जातो. फौती नामांतरण म्हणजे खात्यावरून मयताचं नाव काढून वारसांची नावं चढवणं. या प्रश्नापाठोपाठ, जरा आवाज उतरवून, दुसरा प्रश्न येतो: किती लागतील?

रायपूरच्या तेलीबांध्यात हा प्रश्न जास्तच जड आहे. धमतरीकडे जाणाऱ्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीचं इथं स्टेशन होतं. आज तळ्याकाठी ८२ मीटर उंच खांबावर तिरंगा फडकतो आणि लोक या काठाला मरीन ड्राइव्ह म्हणतात. गावाचं शहर झालं, तरी जमिनीची ओळख खसरा नंबरानेच राहिली. आजोबांनी त्या काळी घेतलेल्या तुकड्याला आता शहराचा भाव आहे आणि पटवाऱ्याच्या, म्हणजे तिथल्या तलाठ्याच्या, टेबलाला तो भाव ठाऊक आहे.

त्या टेबलावर सगळ्यात जास्त खपणारा समज असा: नाव चढलं नाही तर मालकी नाही. हे खरं नाही. मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्क माणूस जातो त्याच क्षणी मिळतो. तो पटवारी देत नाही, तहसीलदारही देत नाही. नोंद असते ती शेतसारा कोणाकडून घ्यायचा याची. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलंय. २०२१ सालचा जितेंद्र सिंह खटला तर मध्य प्रदेशातला, म्हणजे छत्तीसगडला वारशाने मिळालेल्या त्याच १९५९च्या जमीन महसूल संहितेखालचा. नामांतरणाने हक्क निर्माण होत नाही आणि जातही नाही; मृत्युपत्रावरून वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जा, असा त्याचा निकाल आहे. नोंद करू नका, असा याचा अर्थ नव्हे. नोंदीशिवाय विक्री अडते, पीककर्ज अडतं, भूसंपादनाचा मोबदला अडतो. पण ‘काम अडेल’ आणि ‘जमीन जाईल’ या दोन भीतींच्या दरांत मोठा फरक आहे आणि पैसे मागणारा नेहमी दुसरी भीती विकतो. (महापालिकेच्या करपावतीवरचं नाव म्हणजे मालकी, हाही त्यातलाच समज. पावती कर भरल्याची असते.)

त्याचंच मोठं भावंड: वेळेत नोंद केली नाही तर जमीन सरकारजमा होते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २९व्या कलमाप्रमाणे मालमत्ता सरकारकडे जाते ती एकही वारस नसेल तेव्हाच, आणि तीही तिच्यावरच्या देण्यांसकट. आता वारस नाही हे ठरवायचं कोणी? हरिद्वारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एका आश्रमाची मालमत्ता बेवारस धरली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१७ साली न्यायालयाने सांगितलं की मालमत्ता बेवारस आहे हे महसुली अधिकारी परस्पर ठरवू शकत नाही. सरकारने दिवाणी न्यायालयात जाऊन तसं सिद्ध करावं. जिल्हाधिकाऱ्याला जे जमत नाही त्याची धमकी पटवाऱ्याने द्यावी, यातच सगळं आलं.

महाराष्ट्रात नातेवाईक असलेल्यांची आणखी एक फसगत होते. पुण्याचा भाऊ फोनवर सांगतो, ‘कोर्टातून वारस दाखला काढ.’ तो दाखला १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो आणि रायपूर मुंबई इलाख्यात कधी नव्हतं. सक्सेशन सर्टिफिकेट सगळीकडे मिळतं, पण ते मयताचं येणं आणि रोख्यांपुरतं. जमिनीसाठी त्याचा उपयोग नाही. नॉमिनीचंही तसंच. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकरांच्या कुटुंबातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेअरचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने ते सांभाळणारा, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. घराघरांत भिंतीवर तिथी सांगणाऱ्या माणसाच्या घरचा हा खटला, पण नॉमिनीबद्दलचा समज अजून तसाच आहे.

आता न आवडणारी गोष्ट. लाच नेहमी उकळलीच जाते असं नाही. पुष्कळदा वारसच ती घेऊन जातात, कारण यादीतून बहिणीचं नाव गाळायचं असतं. ‘ताईने तोंडीच सोडलंय सगळं’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ते कोणत्या घरचं, हे आठवतही नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले तर मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. उत्तराधिकार कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तो जन्मापासूनचा झाला आणि २०२०च्या विनीता शर्मा निकालाने, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असायला हवे होते का, हा वादही मिटवला. ताईला खरंच हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. पटवाऱ्याच्या समोर मान हलवून हक्क सुटत नाही. पैसे देऊन गाळलेलं नाव वीस वर्षांनी भाच्याच्या दाव्यातून परत येतं आणि तोवर पटवारी निवृत्त झालेला असतो.

या धंद्याला खरं मरणसुद्धा लागत नाही. आझमगढच्या लाल बिहारींना १९७५ साली महसुली कागदांनी मारलं. अधिकाऱ्याला पैसे चारून जमीन घेतली त्यांच्याच काकाने. कर्जासाठी खटपट करताना बिचाऱ्यांना कळलं की आपण मेलो आहोत. नावापुढे ‘मृतक’ लावून आणि आपल्यासारख्यांचा संघ काढून ते लढले. १९९४ साली कागदावर जिवंत झाले. महाराष्ट्रात उलटी अडचण आहे: मेलेली माणसं वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर ‘जिवंत’ राहतात. ती काढायला २०२५ साली बुलढाण्यापासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. नोंद जितकी शिळी, तितकी ती दुरुस्त करून देणाऱ्याची किंमत जास्त, हे गणित दोन्हीकडे सारखं आहे.

शेवटचा समज तक्रारीबद्दलचा आणि तो सगळ्यांत जास्त नुकसान करतो: पैसे दिले म्हणजे आपणही गुन्हेगार, म्हणून आता गप्प बसायचं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हा गुन्हा आहे हे खरं. पण त्याच कलमात सवलतही आहे. द्यायला भाग पाडलं गेलं असेल आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं, तर तो गुन्हा होत नाही. आधी कळवून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्यालाही संरक्षण आहे. लाचेच्या चौकशीला सरकारची पूर्वपरवानगी लागते, असं सांगून लोकांना परतवलं जातं. लाच घेताना जागेवर पकडण्यासाठी ती लागत नाही. खटला चालता चालता तक्रारदारच गेला तर? डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात सांगितलं की तक्रारदार मरण पावला किंवा उलटला, तरी लाचेची मागणी इतर पुराव्यांवरून सिद्ध करता येते.

मात्र तक्रारीची वेळ आली तर हाती पुरावा हवा, म्हणून मुळात फौतीचा अर्ज लेखीच असावा. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं (ताईचंही) आणि ‘भुइयां’ या जमीन नोंदींच्या पोर्टलवरून काढलेला बी-वन (खात्याचा उतारा) जोडून तो तहसिलीत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यायचा. ‘ठेवून जा, बघतो’ असं म्हणाले तर प्रत ठेवायची आणि शिक्का मिळेपर्यंत तिथंच उभं राहायचं.