डबीमागचा साचा

मराठीच्या तासाला एखादी कथा ठरावीक वळणाने जाणारी निघाली, की आमचे सर तिला ‘साचेबद्ध’ म्हणतात. हा शब्द कानी पडला, की माझे मन वर्गातून निघते आणि वसईला, वालीवच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात जाऊन पोहोचते. तेथे माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गेली पंचवीस वर्षे साचे बनवीत आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी नुसते ‘नोकरी’ असे लिहिले. ‘डायमेकर’ हा शब्द तेथे शोभेल की नाही, याचा मला संकोच वाटला. तो संकोच आता उरलेला नाही, म्हणून हा लेख.

मैत्रिणींच्या पर्समध्ये क्रीमची डबी, लिपस्टिकची नळी, पावडरचा कॉम्पॅक्ट हमखास असतो. आत काय आहे, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. पण ती डबी कोठून आली, हे सहसा कोणी विचारीत नाही.

मोदकाचा साचा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. दोन भाग मिटले, की मध्ये मोदकाच्या आकाराची पोकळी राहते. डबीच्या झाकणाचा साचाही तत्त्वतः असाच, फक्त पोलादाचा. त्याच्या एका भागात खोलगट पोकळी असते, तिला कॅव्हिटी म्हणतात. दुसऱ्या भागावर उंचवटा असतो, तो कोअर. दोन्ही भाग मिटल्यावर त्यांच्यामध्ये जी फट उरते, तेच उद्याचे झाकण! प्लॅस्टिकचा दाणा दोनशे अंशांहून अधिक तापवून, वितळवून मोठ्या दाबाने त्या फटीत भरतात. साच्याच्या पोटातील वाटांमधून गार पाणी खेळत असते. प्लॅस्टिक थिजले, की साचा उघडतो आणि बारीक पिना झाकण बाहेर ढकलतात. अशा तऱ्हेच्या यंत्राचे पहिले पेटंट अमेरिकेतील हायट बंधूंनी 1872 साली घेतले. यंत्रे पुष्कळ सुधारली, पण मूळ कल्पना तीच राहिली.

छोटे उत्पादक बाजारात तयार मिळणारी डबी घेतात आणि वर आपले लेबल चिकटवितात. परंतु ज्याला आपली डबी दुरूनही ओळखू यावीशी वाटते, त्याला स्वतंत्र साचा करून घ्यावा लागतो. चित्रकार कागदावर सुंदर आकार काढून देतो. अण्णांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो : “हे साच्यातून बाहेर कसं येणार?” भिंती अगदी सरळ असतील, तर वस्तू आत घट्ट अडकून बसते; म्हणून अर्धा-एक अंश उतार द्यावा लागतो. झाकणाला आतून आटे असतील, तर पंचाईत आणखी वाढते. मऊ प्लॅस्टिकचे झाकण कधी ओढून निघते. एरवी कोअरच गिअरच्या साह्याने फिरवीत, स्क्रू काढावा तसा, बाहेर काढावा लागतो.

यापुढची गंमत हिशेबाची. प्लॅस्टिक गार होताना आकसते, आणि प्रत्येक जातीचे आकसणे निराळे. पॉलिप्रॉपिलीन साधारण दीड टक्का, तर ए.बी.एस. अर्धा टक्का. म्हणजे पन्नास मिलिमीटरच्या झाकणासाठी पहिल्याला साचा पाऊण मिलिमीटर मोठा लागतो, तर दुसऱ्याला पाव मिलिमीटर पुरतो. हे अर्ध्या मिलिमीटरचे अंतर डोळ्यांना क्षुल्लक वाटते; पण तेवढ्याने झाकण डबीवर बसेनासे होते.

पोलाद कापण्याचे काम आता बरेचसे संगणकावर चालणारी यंत्रे करतात. जेथे हत्यार पोहोचत नाही, तेथे स्पार्क मशीन लागते. तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा नमुना तेलात बुडविलेल्या पोलादाजवळ नेतात आणि न टेकताच, ठिणग्यांनी पोलाद कणाकणाने झिजवितात. शेवटी हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट लावून हाताने घोटाई. साच्यावरचा एक ओरखडा म्हणजे लाखो झाकणांवर तोच ओरखडा. या साऱ्यात अण्णांचा एकच मंत्र : “धातू काढता येतो, घालता येत नाही.” म्हणून कोअर किंचित जाड आणि कॅव्हिटी किंचित लहान ठेवायची, ट्रायल घ्यायची आणि मग लागेल तेवढेच तासायचे.

मी दहावीत असतानाची गोष्ट. एका झाकणाचा साचा ए.बी.एस.च्या हिशेबाने झाला. ट्रायलला प्रत्येक झाकण लहान निघाले. चौकशीअंती कळले, की गिऱ्हाइकाने मध्येच दाणा बदलून पॉलिप्रॉपिलीन ठरविले होते आणि तसे इंग्रजी पत्रही ऑफिसात आले होते. ते कोणी अण्णांना वाचून दाखविले नाही. अण्णांना ड्रॉइंगमधील रेघ नि रेघ वाचता येते. इंग्रजी पत्र वाचता येत नाही. कोअर वाया गेला, कारण जाडी घालता येत नाही. बोल मात्र अण्णांनाच लागला, आणि नवा कोअर होईपर्यंत चार रात्री ते घरी आले नाहीत. मी डबा घेऊन गेले तेव्हा ते यंत्रापाशी उभे होते. मला म्हणाले, “बाळे, तू वाचायला शीक.” तेव्हापासून कामाचे प्रत्येक पत्र मी त्यांना वाचून दाखविते. त्या बदल्यात त्यांनी मला ड्रॉइंग वाचायला शिकविले. माझ्या मते या सौद्यात फायदा माझाच झाला.

येथे एक खटकणारी गोष्टही सांगितली पाहिजे. काही डब्या दुहेरी भिंतीच्या असतात. बाहेरून भरगच्च दिसतात. आतली वाटी मात्र लहान. म्हणून डबीचे आकारमान न पाहता तिच्यावर छापलेले वजन पाहावे. शिवाय काही लाख रुपयांच्या साच्यातून निघालेली, एवढ्या मेहनतीची डबी महिन्या-दोन महिन्यांत कचऱ्यात जाते. अण्णांना हे ठाऊक आहे. आमच्या घरी मात्र रिकामी डबी फेकली जात नाही. त्यांत टाचण्या, बटणे, हळद-कुंकू नांदते.

सरांच्या ‘साचेबद्ध’ या शब्दाला माझी हरकत नाही. साच्यातून निघणारी लाख झाकणे एकसारखी असतात, हे खरेच. परंतु तो साचा पहिल्यांदा घडतो तेव्हा त्याच्यासारखा दुसरा नसतो, आणि तो घडविणाऱ्याला चुकायला अर्ध्या मिलिमीटरचीही मुभा नसते. यंदाच्या अर्जात त्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे : ‘साचे घडविणे’.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला