बासष्ट अंडी

प्लेनोतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती सुरू असतानाच एक बाई चपला घालून निघाल्या. कोणी थांबवलं तर म्हणाल्या, "नको हो, आमची चिंगी आज खणायला लागलीय." चिंगी म्हणजे शॅमेलिऑन हे कळलं, आणि त्यांच्या घरी जाऊन हे काम बघायचंच असं मी ठरवलं.

ताई मूळच्या सांगलीच्या, आता बरीच वर्षं टेक्ससमध्ये. मागच्या खोलीत जाळीचे उंच पिंजरे आहेत. दारातच वास येतो, पण तो सरड्यांचा नव्हे, रातकिड्यांचा. ओला पुठ्ठा, सडका बटाटा आणि नाकात शिरणारा अमोनिया. कपडे बदलले तरी तो वास माझ्या केसांत राहिला. शॅमेलिऑन पाळायचा तर आधी त्याचं खाद्य पाळावं लागतं. किड्यांना ताजा पाला घालायचा, देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. कॅल्शियम आणि अतिनील किरणांचा दिवा यांत हयगय झाली की सरड्याची हाडं मऊ पडून वाकतात. पाणी वाटीत ठेवून उपयोग नाही, तो पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून रोज फवारणी.

चिंगी येमेन आणि सौदी अरेबियातल्या जातीची, डोक्यावर उंच तुरा असलेली. पोटात अंडी धरली की ही मादी गडद होते, अंगावर पिवळे-निळे ठिपके उमटतात आणि नर दिसला तरी ती फुत्कारते. मग साधारण महिनाभरात ती जमिनीवर उतरते. ताईंनी तिच्यासाठी ओल्या वाळूचं खोल घमेलं ठेवलं होतं आणि पिंजऱ्यावर चादर टाकली होती. कोणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं सोडून देते, अंडी पोटातच अडकतात आणि त्यातच जीव जाऊ शकतो. चादरीच्या फटीतून मला फक्त मागचे पाय आणि उडणारी वाळू दिसली. झाडाची फांदी धरायला घडलेले ते पाय. ती किती वेळ खणत होती! अंडी घालून झाल्यावर तिने वाळू परत लोटली, पायांनी दाबून सपाट केली. वर आली तेव्हा पोट खपाटीला गेलेलं, डोळे आत ओढलेले. ते डोळे अजून माझ्या नजरेसमोरून हलत नाहीत.

"पहिलीला बासष्ट झाली होती," ताई म्हणाल्या. मला वाटलं, कौतुकाने सांगताहेत. थोड्या वेळाने पुन्हा तेच, "बासष्ट. मागेल तेवढं खायला घालत होते मी." या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते, आणि एकदाच्या मीलनावर पुढच्या खेपेचीही फळतात. भरपूर खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंडी वाढतात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. पहिली मादी तिसऱ्या खेपेनंतर गेली. चिंगीला ताई दिवसाआड मोजून किडे देतात. तिची अंडी चोवीस निघाली. शेंगदाण्याएवढी, पांढरी. ती डब्यातल्या ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या भुसभुशीत खनिजात, न उलटवता, अलगद ठेवली. आता सहा ते नऊ महिने वाट बघायची.

आधीच्या खेपेतली पिल्लं शेजारच्या पिंजऱ्यात होती. बोटाएवढ्या जिवाने डोळा फिरवून फळमाशी हेरली आणि जीभ सोडली, तेव्हा मी मोठ्याने हसले. ताईही हसल्या. एवढ्या खटाटोपाचं मोल त्यांना तिथेच मिळतं, कारण पैसे बहुतेक वीज आणि किड्यांवरच जातात. शिवाय थोडी वाढली की पिल्लं एकमेकांना धाकात ठेवतात, मग प्रत्येकाला वेगळा पिंजरा.

बासष्ट पिल्लं विकणारा मोठा ब्रीडर, असं या छंदात मानतात. मला ते पटत नाही. चोवीसवर थांबवणाऱ्या ताईंना हे काम जास्त कळलंय.

भारतात हा छंद आपल्या शॅमेलिऑनवर करता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तेव्हा रस्त्यात दिसला तर त्याला निवांत पलीकडे जाऊ द्या. परदेशात कोणाला पिल्लू घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला आधी त्याची आई दाखवायला सांगा, तिने किती वेळा अंडी घातली ते विचारा. तो टाळाटाळ करू लागला तर तिथून पिल्लू घेऊ नका.