हावड्याच्या गाडीचे आरक्षण नाशिकच्या खिडकीवर कसे होते?

कोलकात्यातील स्ट्रँड रोडवरील न्यू कोयलाघाट या रेल्वेच्या बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर ८ मार्च २०२१ रोजी सायंकाळी आग लागली. या दुर्घटनेत नऊ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत चार अग्निशामक जवान होते. इमारतीचा वीजपुरवठा तोडण्यात आला आणि पाठोपाठ पूर्व भारतातील गाड्यांचे संगणकीकृत आरक्षण विस्कळीत झाले. आग एका इमारतीत, मग शेकडो मैलांवरच्या खिडक्या का थांबाव्यात? याचे उत्तर आरक्षण यंत्रणेच्या रचनेत आहे.

रेल्वेने संगणकीकृत आरक्षणाचा आरंभ १९८५ मध्ये दिल्लीत केला. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही संगणक बसले; परंतु ते परस्परांना अपरिचित होते. नाशिकहून कोलकात्याला जाणाऱ्या कुटुंबाला परतीची जागा हवी असल्यास तारेने मागणी पाठवावी लागे आणि होकार येईपर्यंत जीव टांगणीला लागलेला असे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रिस’ या रेल्वेच्या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ नावाची प्रणाली विकसित केली. ती प्रथम १९९४ मध्ये सिकंदराबादला बसविण्यात आली आणि एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रे एका जाळ्यात जोडली गेली.

या जाळ्याचे वैशिष्ट्य असे की, सर्व गाड्यांची माहिती एकाच ठिकाणी साठविलेली नाही आणि तिच्या प्रती सर्वत्र वाटलेल्याही नाहीत. ज्या विभागातून गाडी सुटते, त्या विभागाच्या सर्व्हरवर तिच्या जागांची नोंद राहते. हावड्याहून सुटणाऱ्या गीतांजली एक्स्प्रेसची जागा नाशिक रोडच्या खिडकीवर मागितली, तर कारकुनाच्या टर्मिनलवरील विनंती प्रथम मुंबईच्या सर्व्हरकडे जाते. तो गाडीचा क्रमांक पाहून ती कोलकात्याकडे धाडतो. जागेचा निर्णय कोलकात्यातच होतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. प्रवाशाला हा सारा प्रवास जाणवतही नाही.

प्रत्येक केंद्रात जागांची प्रत ठेवली असती तर काम अधिक जलद झाले नसते का? कदाचित झाले असते. पण एकच बर्थ मुंबईत आणि कोलकात्यात एकाच क्षणी विकला जाण्याचा धोकाही निर्माण झाला असता. जागेचा हिशेब एकाच वहीत असणे यासाठीच आवश्यक ठरते.

यातील खरी कसोटी असते ती दूरसंचार वाहिनी मध्येच खंडित होते तेव्हा. पैसे घेतले, जागा नोंदली गेली, पण तिकीट छापलेच नाही, असे घडून चालत नाही. म्हणून सर्व्हर आणि टर्मिनल यांच्यामध्ये एक मध्यस्थ सॉफ्टवेअर बसविण्यात आले. व्यवहार एकतर पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये, यावर ते लक्ष ठेवते आणि अर्धवट राहिलेल्या व्यवहाराचा माग काढते.

मात्र या रचनेची किंमतही आहे. वही एकाच ठिकाणी असल्याने ते ठिकाण बंद पडले की त्या विभागाच्या गाड्या देशभरातील कोणत्याही खिडकीसाठी अदृश्य होतात, मग ती खिडकी स्वतः सुस्थितीत का असेना. यावर उपाय म्हणजे दूरच्या शहरात पर्यायी केंद्र राखणे. ती प्रत सतत ताजी ठेवावी लागते, अन्यथा शेवटच्या काही मिनिटांत विकलेल्या जागा पुन्हा रिकाम्या दिसतील.

३ ऑगस्ट २००२ रोजी रेल्वेची इंटरनेट तिकीटविक्री सुरू झाली. आरंभी तिकीट कुरियरने घरी येत असे; ई-तिकीट २००५ मध्ये आले. त्यामुळे आरक्षणाची खिडकी घरात आली, जागांची वही मात्र हलली नाही. संकेतस्थळ किंवा मोबाइलवरील ॲप स्वतःजवळ जागा बाळगत नाही. तेही याच विभागीय सर्व्हरना विचारते. तत्काळची वेळ होताच खिडक्यांवरच्या रांगा आणि घरोघरीचे मोबाइल एकाच वहीवर एकाच वेळी तुटून पडतात ते यामुळेच.