व्हेनिसमध्ये दोघांचे तीन दिवस

व्हेनिस म्हटलं की गोंडोला आठवतो, आणि त्याचं भाडं ऐकलं की तो तिथेच विसरावासा वाटतो. ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. हे भाडं माणशी नाही, अख्ख्या नावेचं. म्हणजे पाच जणांना जेवढं, तेवढंच दोघांना. प्रेमाला इथे सवलत नाही.

खिशाला जपणाऱ्यांसाठी त्रागेत्तो आहे. जुन्या गोंडोल्यासारखीच ही नाव दोन-तीन मिनिटांत ग्रँड कनालच्या पलीकडे सोडते, तीही मोजक्या युरोंत. शिवाय एक नंबरची जलबस! मावळतीच्या वेळी तिच्यात पुढची जागा मिळाली, तर पावणेचार किलोमीटरच्या त्या कालव्याकाठचे सगळे महाल आरामात पाहून होतात.

मुक्काम मात्र बेटावरच करावा. पलीकडे मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला खोली स्वस्त मिळते, पण दिवसभराची गर्दी ओसरल्यावरचं व्हेनिस हातचं जातं. इथे मोटारी नाहीत, पूल चारशेहून जास्त आणि बहुतेकांना पायऱ्या. चाकांची जड बॅग ओढताना नवपरिणीतांतही खटके उडायचे. खोली जलबसच्या थांब्याजवळ पाहावी.

एप्रिल-मे उत्तम. शरद-हिवाळ्यात भरतीचं पाणी शहरात शिरतं. २०२० पासून मोझे या पूररोधक यंत्रणेचे दरवाजे मोठी भरती अडवतात, तरी सखल सान मार्को चौकात कधीकधी पाणी साचतंच.

एक सकाळ बुरानो बेटावरच्या रंगीत घरांसाठी राखावी. रात्री बाकारोत, म्हणजे इथल्या छोट्या मद्यालयात, उभ्याउभ्या चिकेत्ती हे छोटे घास खावेत: जसं, पावाच्या चकतीवर वाळवलेल्या कॉड माशाचं लोण्यासारखं मऊ मिश्रण. शाकाहाऱ्यांनी चीज किंवा भाज्यांचे मागावेत.