भजनाची चाल कागदावर कशी उतरवायची? मोबाईलवर स्वरलिपी शिकण्याआधी एवढं माहीत हवं

घाटनांदूर : गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी वाजवणारे पुष्कळ असतात. चाल एकदा कानावर पडली की हात बरोबर बसतो. पण तीच चाल लिहून दाखवा म्हटलं की गाडी अडते. कारण वाजवणं कानानं शिकलेलं असतं, स्वर वाचायची सवय नसते. आता स्वरलिपी, म्हणजे स्वर लिहायची-वाचायची पद्धत, मोबाईलवरूनही शिकता येते. गावात गाण्याचा क्लास नसला तरी अडत नाही. मात्र पैसे भरायच्या आधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

लिहून ठेवायचं कशाला?

याचं उत्तर अंबाजोगाईतच आहे. संतकवी दासोपंतांची (१५५१ ते १६१५) समाधी तिथे आहे. त्यांनी रागदारीत पदं रचली. पण आजच्यासारखी स्वर लिहून ठेवायची सोय त्या काळी नव्हती. पदाचे शब्द पोथीत राहिले. मूळ चाल कशी होती, हे पोथी वाचून सांगता येत नाही.

गावातल्या चालींचंही तसंच होतं. एखाद्या जुन्या माणसाला काकड्याची किंवा गवळणीची वेगळी चाल येत असते. तो माणूस गेला की चालही जाते. रेकॉर्डिंग हा एक उपाय आहे, पण मोबाईल बिघडला की तेही जातं. वहीत लिहिलेली चाल पुढच्या पिढीतला कुणीही वाचून वाजवू शकतो.

दोन पद्धती, गोंधळ एकच

आपल्याकडे दोन स्वरलिपी चालतात आणि दोन्ही मराठी माणसांनी घडवल्या. एक पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांची. दुसरी पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२ ते १९३१) यांची. पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंडे मुंबईचे, पेशानं वकील. देशभर फिरून त्यांनी गवयांकडच्या बंदिशी गोळा केल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या.

नवा माणूस फसतो तो टिंबावर. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे वरच्या, तार सप्तकातला स्वर. पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे खालच्या, मंद्र सप्तकातला स्वर. खूण तीच, अर्थ एकदम उलटा! म्हणून कोर्स घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा : “कोणती पद्धत शिकवता?” सुरुवातीला एकच धरावी. भातखंडे पद्धतीची पुस्तकं जास्त मिळतात, त्यामुळे ती सोयीची पडते.

पहिल्या दिवशी एवढं पुरे

भातखंडे पद्धतीच्या मुख्य खुणा अशा :

• नुसतं सा रे ग म प ध नि लिहिलं तर शुद्ध स्वर.
• रे, ग, ध, नि यांच्या खाली आडवी रेघ असेल तर तो कोमल.
• म च्या वर उभी रेघ असेल तर तीव्र म.
• वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक.
• स्वरापुढे आडवी रेघ म्हणजे तोच स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा. गाण्याच्या शब्दांत त्याच जागी ऽ ही खूण येते.
• दोन-तीन स्वरांखाली चंद्रकोरीसारखी कमान असेल तर ते सगळे एकाच मात्रेत घ्यायचे.
• × म्हणजे सम, ० म्हणजे खाली म्हणजेच काल.

केरव्याच्या आठ मात्रांतली एक ओळ पाहा :

सा रे ग – | म ग रे सा

पहिल्या सा खाली ×, पाचव्या मात्रेच्या म खाली ०. हातानं टाळी देत ही ओळ म्हटली की वाचन सुरू झालं. तिसऱ्या मात्रेवरचा ग चौथीतही लांबतो, एवढंच लक्षात ठेवायचं.

पट्टी आणि ॲप

तानपुऱ्याच्या ॲपवर पट्टी इंग्रजी अक्षरांत दिसते आणि पेटीवाला “काळी चार” म्हणतो. जोड अशी : पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. स्वरलिपीत सा कुठल्याही पट्टीत धरता येतो. त्यामुळे आपल्या गळ्याला झेपेल तीच पट्टी घ्यावी.

ऑनलाईन वर्गातल्या अडचणी

आवाज नेटवरून जायला थोडा वेळ लागतो. त्यामुळे गुरुजींबरोबर एकाच वेळी गाता येत नाही, ठेका पुढेमागे होतो. आधी ऐकायचं, मग आपण म्हणायचं, हीच रीत ठेवावी. व्हिडिओ कॉलची ॲप पेटीचा आणि तानपुऱ्याचा सूर गोंगाट समजून दाबतात. झूमवर त्यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय आहे, ती चालू करावी. रेंज कमी असेल तर चित्र बंद ठेवावं, आवाज महत्त्वाचा. वर्गाचं रेकॉर्डिंग मिळणार का, हेही आधी विचारावं, म्हणजे लाईट गेली तरी धडा बुडत नाही.

पैसे भरण्याआधी

वर्षाची फी एकदम भरू नये. एक वर्ग करून बघावा, मग महिन्याची फी द्यावी. कोर्सवाल्यांचं ‘प्रमाणपत्र’ आणि मान्यताप्राप्त परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होऊन प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत जातात. त्यासाठी केंद्रावर जाऊन बसावं लागतं. शास्त्रीय गायन-वादनाच्या अशा परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीत वाढीव गुणांची सवलत आहे. तिच्या अटी आणि मुदत शाळेत विचारून घ्यावी.

भातखंडे जाऊन साठ वर्षांहून जास्त काळ लोटल्यानं त्यांच्या मूळ ग्रंथांवरचा कॉपीराईट संपला आहे. जुन्या छपाईच्या प्रती नेटवर फुकट वाचता येतात. तेव्हा ‘फक्त आमच्याकडेच मिळणारी’ नोटेशन पीडीएफ विकत घ्यायची घाई नको.

महिनाभरात काय जमावं?

रोज वीस-पंचवीस मिनिटं दिली तरी चालतं. पहिल्या आठवड्यात तानपुऱ्यावर सा स्थिर करून शुद्ध स्वर म्हणावेत. दुसऱ्यात साधे अलंकार वहीतून वाचावेत, पाठ म्हणू नयेत. तिसऱ्यात दादरा (सहा मात्रा) आणि केरवा टाळी देत वाचावा. चौथ्या आठवड्यात मंडळातली एक ओळखीची, सोपी चाल लिहायला घ्यावी.

लिहिताना आधी रेकॉर्ड करावं, मग एकेक ओळ थांबवून स्वर शोधावेत. चुकलं तर खोडायला पेन्सिल बरी. पानाच्या वर पट्टी, ताल, तारीख आणि चाल कुणाकडून घेतली त्यांचं नाव लिहावं. मग ते पान दुसऱ्या पेटीवाल्याच्या हातात द्यावं. त्यानं ते नुसतं वाचून चाल ओळखीची वाजवली, तर स्वरलिपी बरोबर लिहिली गेली असं समजावं.